वाचक विचारतात : रिंगमध्ये परीक्षक नेमकं काय पाहतात?

प्रश्न : आमचा लॅब्रेडोर नर दीड वर्षाचा आहे. वजन 42 किलो, अंगाने भरदार. पहिल्याच डॉग शोमध्ये तो मागे पडला आणि त्याच्यापेक्षा बारीक कुत्रा पहिला आला. दोन-तीन मिनिटांत परीक्षक काय ठरवतात? (एक वाचक, सातारा)

उत्तर : परीक्षक आधी प्रत्येक कुत्र्याला त्या जातीच्या लिखित मानकाशी ताडून पाहतात. मानकाच्या सर्वांत जवळचा कुत्रा पहिला येतो. एफसीआय या श्वानसंघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मानकानुसार लॅब्रेडोर नराची खांद्याच्या उंचवट्यापाशी उंची 56 ते 57 सेंमी असावी. वजनाचा आकडा त्यात नाही, पण या उंचीला 42 किलो जास्तच होतात. परीक्षक बरगड्यांवरून हात फिरवतात, तेव्हा स्नायू कुठला आणि चरबी कुठली हे लगेच कळतं. भरदार छाती हवी, थुलथुलीत अंग नको. तुमचा कुत्रा बहुधा इथेच मागे पडला असावा.

मग तोंड उघडून दात पाहतात. वरचे पटाशीचे दात खालच्या दातांना लागून कात्रीसारखे पुढे बसायला हवेत. एकूण दात 42. अनोळखी माणसाने ओठ उचलला की बरेच कुत्रे मान झटकतात, म्हणून पाहुण्यांकडून रोज एकदा ही सवय करून घ्या. शेपूट बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळती हवी. अंगावर आखूड, दाट केस आणि त्याखाली पाणी न शिरू देणारी लोकर हवी. शोच्या आदल्या दिवशी शाम्पू लावला तर केस मऊ होऊन फुलतात. अंघोळ तीन-चार दिवस आधीच उरका.

खरा निकाल बहुतेक वेळा चालीवर लागतो. दुडक्या चालीने समोर जाताना, परत येताना आणि बाजूने, असं तिन्ही अंगांनी पाहतात. मागचे घोटे आत वळले तर तो मोठा दोष. पट्टा ताणून धरला किंवा फार हळू चाललात, तर कुत्रा एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकायला लागतो आणि चांगली बांधणीही वाईट दिसते. पट्टा सैल सोडा, स्वतः भरभर चाला. नखं वाढली असतील तर बोटं पसरतात आणि पंजा ढिला दिसतो. ती दर पंधरवड्याला थोडी थोडी कापा.

प्रश्न : नसबंदी केलेला नर शोमध्ये चालतो का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : मानकात नराची दोन्ही वृषणं खाली उतरलेली असावीत अशी अट आहे आणि परीक्षक हाताने तपासतात. पैदाशीला योग्य जनावर निवडणं, हाच अशा शोचा मूळ हेतू. त्यामुळे प्रवेश अर्ज भरण्याआधी आयोजकांना नसबंदीबद्दल स्पष्ट विचारा. आज्ञापालनाच्या स्पर्धेत शरीराच्या बांधणीला गुण नसतात, तीही चौकशी त्याच वेळी करा.