वर्गात कांजिण्या निघाल्या तर पालकांना काय कळवायचं, कोणाला घरी ठेवायचं

टीचर, तुमचा प्रश्न वाचला. तिसरीतल्या एका मुलाला कांजिण्या निघाल्यात, हेडमास्तर म्हणतात युनिट टेस्ट होईपर्यंत गप्प राहू, इकडे पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो मुलगा कोण ते शोधणं सुरू झालंय आणि दोघा-तिघांची मागणी आहे की अख्खा वर्ग २१ दिवस बंद ठेवा. मी गोव्यात आधी सत्तरीत आणि नंतर फोंड्यात मुख्याध्यापिका होते, कांजिण्या, गालगुंड, गोवर, डोळे येणं सगळं शाळेत बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गप्प राहायचं नाही, आजच कळवा. कांजिण्या अंगावर दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरायला लागतात, म्हणजे आपल्याला कळेपर्यंत बाकीची मुलं संपर्कात येऊन गेलेली असतात. ज्यांना पूर्वी झालेल्या नाहीत आणि लसही घेतलेली नाही त्यांनी संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत लस घेतली तर आजार टळू शकतो किंवा हलका निघतो, आणि नेमके हेच दिवस आपण टेस्टच्या नावाखाली घालवले तर पालकांच्या हातात काहीच उरत नाही.

पण नोटीस काढायच्या आधी तुमच्या आरोग्य केंद्राला फोन करा, वाळपई असो की साखळी, मेडिकल ऑफिसरशी बोला, आणि भागशिक्षणाधिकाऱ्यांनाही कळवून ठेवा. मुलाच्या घरी विचारून डॉक्टरनी नक्की काय निदान केलं ते घ्या, कारण पुरळ म्हणजे कांजिण्याच असं नसतं, हातापायांवर आणि तोंडात फोड येणारा तो हँड-फूट-माउथ असू शकतो, गोवरही असू शकतो, आणि गोवर असेल तर नियमच बदलतात.

ती २१ दिवसांची मागणी कुठून आली असेल त्याचा मला अंदाज आहे. कांजिण्या संपर्कानंतर १० ते २१ दिवसांत कधीही निघू शकतात, तो २१चा आकडा लोक वाचतात आणि त्यांना वाटतं तितके दिवस सगळ्यांना घरात कोंडायचं. तसं नाही हो. कांजिण्यांत घरी राहायचं ते आजारी मुलानं, सगळ्या फोडांवर खपली धरून नवीन फोड यायचे थांबेपर्यंत, साधारण पाच ते सात दिवस, कधी जास्तही. वर्गातली बाकीची मुलं बरी आहेत तोवर शाळेत येतील, आजारी मुलाचं भावंडसुद्धा येईल, फक्त पालकांनी रोज सकाळी आंघोळीच्या वेळी पाठ, पोट, डोक्याची त्वचा बघायची आणि ताप किंवा एखादा जरी फोड दिसला तर पाठवायचं नाही.

गोवर असता तर गोष्ट वेगळी होती. गोवराचा विषाणू माणूस खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, मूल पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत आजार पसरवतं, आणि लस न घेतलेल्या मुलाला संपर्कानंतर ७२ तासांत लस मिळाली तर फायदा होतो. अमेरिकेत लस न घेतलेल्या अशा मुलांना शेवटच्या संपर्कापासून २१ दिवस शाळेत येऊ देत नाहीत, आपल्याकडे कोणाला किती दिवस ठेवायचं ते आरोग्य केंद्राचे डॉक्टर सांगतील तसं करायचं, आपण शाळेनं मनानं आकडा ठरवायचा नाही. गालगुंडाला सूज आल्यापासून पाच दिवस घरी.

आणखी एक घोळ तुमच्याकडे होणारच. पालक कार्ड दाखवून म्हणतील आमच्या बाळाची सगळी इंजेक्शनं झालीत. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची लस आहे, कांजिण्यांची आणि गालगुंडाची नाही, ती खासगी डॉक्टरकडे पैसे देऊन घ्यावी लागते. २०१७ मध्ये देशभरच्या मोहिमेच्या पहिल्याच टप्प्यात गोव्यात शाळाशाळांतून दिली ती गोवर-रुबेलाचीच होती, त्यामुळे मोठ्या भावा-बहिणीला शाळेत दिलं होतं म्हणून कांजिण्या होणार नाहीत असं कोणी समजू नये.

आता नोटीस. माझं ठाम मत आहे की नोटिशीत तारखा हव्यात आणि नाव नको. "सर्व पालकांनी काळजी घ्यावी" असल्या वाक्यानं घाबरण्यापलीकडे काही होत नाही, आईला हवं असतं कधीपासून कधीपर्यंत आणि काय बघू. हिशेब असा करा, समजा मुलाला शनिवारी १२ जुलैला पुरळ आलं आणि तो शुक्रवारी ११ला शेवटचा शाळेत होता. तो १० तारखेपासून पसरवत होता असं धरायचं, म्हणजे पहिला धोका १० अधिक १० म्हणजे २० जुलै, शेवटचा ११ अधिक २१ म्हणजे १ ऑगस्ट. मग मजकूर एवढाच:

"इयत्ता तिसरीच्या वर्गात एका विद्यार्थ्याला कांजिण्या झाल्याचं डॉक्टरनी सांगितलं आहे. १० आणि ११ जुलैला तुमचं मूल वर्गात किंवा त्याच बालरथात (शाळेच्या बसमध्ये) होतं. २० जुलै ते १ ऑगस्ट रोज सकाळी मुलाचं अंग तपासा. ताप किंवा फोड आल्यास शाळेत पाठवू नका, वर्गशिक्षिकेला फोन करा. पूर्वी कांजिण्या झाल्या नसतील आणि लस घेतली नसेल तर आजच डॉक्टरना विचारा. घरात कोणी गरोदर असेल, तान्हं बाळ असेल किंवा कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर त्यांच्याबद्दलही लगेच डॉक्टरशी बोला. तापावर अ‍ॅस्पिरिन देऊ नका. आजारपणामुळे टेस्ट चुकली तर ती नंतर घेतली जाईल."

शेवटचं वाक्य हेडमास्तरांशी भांडून घालून घ्या. टेस्ट बुडेल म्हणून आया सकाळी तापाचं औषध पाजून मूल पाठवतात, दुपारपर्यंत ताप परत चढतो आणि तोवर ते मूल बेंचवर, बालरथात, जेवणाच्या रांगेत सगळ्यांत मिसळून झालेलं असतं. रोजंदारीवरच्या घरांत तर मुलामागे कोण राहणार हाच मोठा प्रश्न असतो, त्यात हजेरीची आणि मार्कांची भीती आपण घालू नये. अ‍ॅस्पिरिनचंही हसण्यावारी नेऊ नका, कांजिण्यांत मुलांना ते दिलं तर मेंदू आणि लिव्हरवर जाणारा रेज सिंड्रोम होऊ शकतो, क्वचित होतो पण जिवावर बेततो.

नोटीस कोणाकोणाला? तिसरीचा वर्ग तर झालाच, पण बालरथाची यादी काढा, त्यात पहिलीपासून सगळे एकत्र बसतात, ड्रायव्हर आणि अटेंडंटही आले. माध्यान्ह आहाराची पाव-भाजी वाढणाऱ्या स्वयंसहाय्य गटाच्या बायका विसरू नका, त्यांना कोणी ग्रुपवर घेतलेलं नसतं. स्टाफमध्ये कोणी टीचर गरोदर असेल तर नोटिशीची वाट न बघता आधी तिला स्वतः सांगा, तिला लहानपणी कांजिण्या झाल्या नसतील तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायला हवं. एखाद्या मुलाला कॅन्सरची ट्रीटमेंट किंवा स्टिरॉइडचं औषध चालू असेल तर त्याच्या घरीही तसाच वेगळा फोन.

आणि कागद पाठवला म्हणजे पोचला असं नाही. आपल्या मराठी शाळांत आता कितीतरी घरं कन्नड, हिंदी बोलणारी आहेत, वाचता न येणारेही आहेत, तेव्हा त्याच मजकुराची कोकणी, हिंदी, कन्नड व्हॉइस नोट करून घ्या. कन्नडसाठी पालक-शिक्षक संघातल्याच एखाद्या आईला सांगितलं तर ती आनंदानं करते, फक्त तारखा बरोबर सांगितल्यात ना ते ऐकून घ्या.

नावाचं म्हणाल तर ते कळणारच, रिकामा बेंच सगळ्यांना दिसतो. तरी शाळेनं सांगायचं नाही. "टीचर, कोणाक जालां?" म्हणून फोन आला की इतकंच म्हणायचं, "नाव मी सांगू शकत नाही, पण तुमचं मूल त्या दिवशी वर्गात होतं म्हणून तुम्हाला नोटीस आली." ग्रुपवर कोणी नाव टाकलं तर अ‍ॅडमिनला लगेच काढायला लावा आणि ग्रुपवर त्यावर वाद घालू नका. त्या मुलाच्या आईला नोटीस जायच्या आधी वाचून दाखवा, तिला धीर येतो, आणि मूल परत येईल तेव्हा डाग पाहून चिडवाचिडवी होणार हे धरून वर्गाशी आदल्या दिवशी बोलून ठेवा. खपली सुकली की ते पसरवत नाही हे पोरांना सांगितलं तर समजतं, मोठ्यांना समजावणं जास्त कठीण.

२० तारखेनंतर दुसरं मूल आजारी पडलं तर जुनी नोटीस फॉरवर्ड करू नका, त्या मुलाच्या पुरळाच्या दिवसावरून नवीन तारखा काढून नवीन नोटीस द्या आणि आरोग्य केंद्राला पुन्हा कळवा. जुलैअखेरीस नवीन केस निघाली तर तिची मुदत ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात जाते, चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ असेल तर मुलं मूळ घरी जाऊन आजी-आजोबांत, बाळंतिणींत मिसळणार, म्हणून तेव्हाच्या नोटिशीत तेही एक वाक्य घाला.