हातात चांगला फोन असताना कपाटातला निकॉन डी४० कॅमेरा पुन्हा वापरावा का?

जरूर वापरा. मीही डी४०च वापरतो, आणि हल्ली फोनपेक्षा जास्त.

तुम्ही म्हणता तो सहाच मेगापिक्सेलचा आहे, २००६ साली आलेला, आणि फोन पन्नासचा. आकडे खरे आहेत. पण फोन एका क्लिकमध्ये बऱ्याच फ्रेम्स घेतो, एकत्र करतो, सावल्या उजळतो, आभाळ सावरतो. डी४० एकच फ्रेम घेतो. उजेड कुठे राखायचा, अंधार कुठे होऊ द्यायचा हे तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि सगळा आनंद त्यातच आहे.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत कॅमेरा घेऊन जा, म्हणजे लगेच पटेल. आत अंधार, उजेड काय तो दारातून. कारागीर भांडं फिरवत फिरवत हातोडीने मठारत असतो आणि प्रत्येक घावाचा खळगा चकाकतो. (आधी विचारून घ्या, काम चालू असतं.) फोनमध्ये मागची भिंत, पंखा, खुंटीवरची पिशवी, सगळं सारखंच उजळून येतं. डी४०वर मी एक्स्पोजर उणे एकवर नेतो, म्हणजे फोटो मुद्दाम गडद घेतो. खोली काळी होते, माणूस अर्धा सावलीत जातो आणि तांब्यावरचा एकेक मठार उठून दिसतो. या सेन्सरवर उजळ भाग एकदा पांढराफटक पडला की गेलाच. सावली मात्र रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) बऱ्यापैकी उचलता येते. म्हणून आधी उजेड सांभाळायचा.

मागचा स्क्रीन जेमतेम अडीच इंची. फोकस बसलाय का हे त्यावर धड कळत नाही, त्यामुळे दर फोटोनंतर मान खाली घालायची सवय आपोआप सुटते. डोळा व्ह्यूफाइंडरलाच राहतो आणि समोरचा माणूस पुढे काय करतो ते दिसतं.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही: हा कॅमेरा फ्लॅशसोबत १/५०० सेकंदाचा शटर स्पीड देतो. नव्या कॅमेऱ्यांपैकी बरेचसे नेहमीच्या फ्लॅशला १/२००, १/२५०च्या आसपासच थांबतात. गणेशोत्सवात भर दुपारी लक्ष्मी रस्त्यावर ढोलवाल्याचा चेहरा फेट्याच्या सावलीत काळा पडतो ना, तो कॅमेऱ्याच्याच छोट्या फ्लॅशने उजळा. जवळ मात्र जावं लागेल. शटर इतका वेगवान असल्यामुळे मागचं आभाळ पांढरं न पडता निळंच राहतं. मला हे फार आवडतं.

रात्रीच्या रोषणाईला मात्र फोनच न्या. अंधारात आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, वाढवावी लागते आणि ८००च्या पुढे डी४०चा फोटो दाणेदार होतो. लेन्स घ्यायची झाली तर एएफ-एस लिहिलेलीच, म्हणजे आतच फोकसची मोटर असलेली घ्या. या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ लेन्स हातानेच फोकस कराव्या लागतात.

प्रिंटची काळजी नको. ३००८ बाय २००० पिक्सेल म्हणजे ८ बाय १२ इंच छान निघतो.

कॅमेरा काढलात की पहिल्यांदा लेन्समधून टॉर्च मारून बघा. पुण्यातले इतके पावसाळे बंद बॅगेत गेले असतील तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरलेली असू शकते. ती दुरुस्तीवाल्याकडूनच साफ करून घ्या. बॅटरी बहुधा मेलेली असेल, ईएन-ईएल९ नावाने दुसरी मागा. तारीख-वेळ लावा, आणि मग तांबट आळी.