सार्वजनिक प्रश्नांवरची विद्यापीठीय प्रकाशनांची नवी पुस्तके ठाण्यात राहून कशी निवडावीत?

आपण विचारले आहे की शहरीकरण, पाणी, स्थलांतर अशा विषयांवरची अभ्यासपूर्ण पुस्तके महाग असतात, तेव्हा कोणती घ्यावीत. माझे मत असे की प्रथम पुस्तकातील आकडेवारी कोणत्या वर्षाची आहे ते पाहावे. पुस्तकावर छापलेले प्रकाशनवर्ष फसवे असते. हस्तलिखिताची तज्ज्ञांकडून तपासणी आणि संपादन यांत बराच काळ जातो, शिवाय २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्याने अनेक ताज्या पुस्तकांचाही आधार २०११ चीच जनगणना असते. त्या जनगणनेतील ठाणे जिल्ह्याची सुमारे १ कोटी १० लाख लोकसंख्या आजच्या पालघरसह आहे, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. हा खुलासा न करता जो लेखक ‘ठाणे जिल्हा’ म्हणून आकडे देतो, त्याच्या इतर तक्त्यांकडेही मी जरा संशयानेच पाहतो.

किमतीबाबत सांगायचे तर कापडी बांधणीची आवृत्ती मुख्यतः ग्रंथालयांसाठी असते. कागदी बांधणीची किंवा केवळ दक्षिण आशियात विक्रीसाठी काढलेली स्वस्त आवृत्ती येते का, याची वाट पाहावी. काही पुस्तके प्रकाशक स्वतःच मुक्त परवान्याखाली विनामूल्य देतात आणि ती ‘डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस बुक्स’ या ऑनलाइन सूचीत शोधता येतात. १८९३ पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातही चौकशी करावी, विशेषतः मराठीतील जुन्या संदर्भांसाठी.