महाबळेश्वरचा पाऊस आणि माण-खटावची पेरणी

प्रश्न: महाबळेश्वरात आठवडाभर झड लागली आहे, कोयना धरणात पाणी चढतंय. आमच्याकडे सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण-खटाव तालुक्यांत मात्र नुसता वारा आणि पळते ढग. मे महिन्यातल्या वळवाची थोडी ओल रानात आहे. बाजरी टाकावी का?

उत्तर: शेतकरी बंधू-भगिनींनो, थोडं थांबा. वळवाच्या ओलीवर बाजरी टाकू नका. वळीव हा तापलेल्या जमिनीचा स्थानिक पाऊस असतो. दुपारनंतर ढग चढतो, एका शिवारात पाणी साचतं आणि शेजारचं शिवार कोरडं राहतं. मोसमी पाऊस आला, असा त्याचा अर्थ होत नाही.

मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात. उन्हाळ्यात राजस्थान आणि सिंधकडची जमीन तापून हवेचा दाब उतरतो. त्या ओढीने विषुववृत्तापलीकडून निघालेले वारे अरबी समुद्रावरची वाफ घेऊन आपल्याकडे वळतात. कोकणपट्टी ओलांडली की समोर सह्याद्री आडवा उभा. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. एवढं चढताना हवा थंड होते, वाफेचं पाणी होतं आणि बहुतेक पाऊस घाटमाथ्यावरच पडून जातो. तिथे वर्षाला सरासरी ५५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पाचगणीपर्यंत येता येताच तो निम्म्याच्या खाली जातो. पुढे हवा खाली उतरते, उतरताना तापते आणि राहिलेले ढगही विरतात. सरळ रेषेत १०० किलोमीटरही दूर नसलेल्या माण तालुक्यातल्या दहिवडीला म्हणूनच वर्षभरात ५०० मिलिमीटरची मारामार.

ढग डोक्यावरून जातात, पण पडत नाहीत, ते यामुळे. वारा मात्र पोचतो आणि नुकसान तोच करतो. जून-जुलैच्या या कोरड्या वाऱ्याने वरच्या चार बोटांतली ओल दोन-तीन दिवसांत उडते. उगवलेलं बी तिथेच करपतं आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. बी-बियाण्याचे आजचे भाव पाहता तो कुणालाच परवडणारा नाही. म्हणून टीव्हीवरचे धबधबे बघून पेरणीची तिफण जुंपू नका. आपल्या महसूल मंडळात (आसपासच्या गावांच्या गटात) ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि ओल वीतभर खोल गेली, की मगच पेरा. बाजरीला जुलैअखेरपर्यंत वेळ आहे. घाटमाथ्याचं पाणी आपल्या ओढ्यांनाही येत नाही. माणगंगा आपल्याच तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते, त्यामुळे ती वाहते आपल्याच पावसावर.

बाजरीत तुरीचं आंतरपीक घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा पट्टा कधी कधी हिमालयाच्या पायथ्याकडे सरकतो आणि राज्यात आठ-पंधरा दिवस उघडीप पडते. तेव्हा कोळपणी, म्हणजे ओळींमधली वरची माती हलवणं, चुकवू नका. भेगा बुजल्या की जमिनीतली ओल टिकते.

आपला खरा पाऊस येतो सप्टेंबरात. पश्चिमेचा वारा मंदावतो, बंगालच्या उपसागरावरून वाफ येऊ लागते आणि दुपारी तापलेल्या जमिनीवर गडगडाटी ढग तयार होतात. या परतीच्या पावसाला सह्याद्री आडवा येत नाही. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या पावसावर आपल्या भागाची रब्बी ज्वारी उभी राहते, ती याच कारणाने. माझं स्पष्ट मत आहे की भारी, म्हणजे काळ्या खोल मातीच्या रानात खरिपाचा मोह धरू नये. ते रान ज्वारीसाठी मोकळं ठेवा. उताराला आडवी मशागत करून आताच सारे (पाणी अडवणारे वाफे) पाडा, बांध नीट करा. परतीचा पाऊस जोराचा असतो आणि बांध फुटका असेल तर अर्धं पाणी मातीसकट ओढ्याला जातं. हलक्या रानात बाजरी, मटकी, हुलगा घ्यायला हरकत नाही.

ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करा. त्याआधी घाई केली तर खोडमाशी पोंगे (रोपाचे मधले कोंब) मारते. भारी जमिनीला फुले वसुधा किंवा फुले यशोदा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, हलक्या जमिनीला फुले अनुराधा निवडा. हेक्टरी १० किलो बियाणं पुरतं. काणी (कणसातल्या दाण्यांची काळी भुकटी करणारा बुरशीचा रोग) येऊ नये म्हणून किलोभर बियाण्याला ४ ग्रॅम ३०० मेश (अगदी बारीक भुकटीचं) गंधक चोळा आणि दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा.