घरची इंटरनेट लाइन ३०० मेगाबिटची आहे. जुन्या पीसीच्या फायरवॉलमध्ये (इंटरनेट आणि घरच्या नेटवर्कमधल्या राखणदार राउटरमध्ये) ४० गिगाबिटचं सेकंडहँड नेटवर्क कार्ड टाकू का?
लाइन ३०० मेगाबिटची म्हणता, मग हे छोट्या होडीला मोठ्या बोटीचं इंजिन लावण्यासारखं झालं. प्रत्येक पॅकेटला, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्याला, फायरवॉलचे नियम लावून तपासतो तो सीपीयू, कार्ड नव्हे. १० गिगाबिटलाच सगळ्यात लहान, ६४ बाइटची पॅकेटं सेकंदाला सुमारे १.४८ कोटी येऊ शकतात. ४० ला त्याची चौपट. जुना आय-फाइव्ह प्रोसेसर तिथेच दमतो. कार्ड बसतं तो मदरबोर्डवरचा स्लॉटही बघा: पीसीआयई २.० प्रकारच्या स्लॉटच्या ४ लेन (डेटाच्या वाटा) म्हणजे जेमतेम १६ गिगाबिट. त्यात ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार पंख्यांसाठी बनलेली. साध्या कॅबिनेटात कार्डाच्या हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) बोट लावा, चटका बसतो. आमच्या मालवणात तर खाऱ्या हवेने एका पावसाळ्यात कार्डाच्या पट्टीला गंज चढला. इंटेलचं दोन पोर्टचं गिगाबिट कार्ड घ्या. घरात नास (एनएएस, नेटवर्कवरची फाइल साठवणूक पेटी) असेल तर १० गिगाबिटचा वेग घरातली यंत्रं जोडणाऱ्या स्विचला द्या, एकाच नेटवर्कमधली ती वाहतूक राउटरकडे, म्हणजे या फायरवॉलकडे, जातच नाही.