वाचकांचे प्रश्न : बीटल्सचा कृष्णधवल चित्रपट

प्रश्न : ‘अ हार्ड डेज नाइट’मधील विनोद बीटल्सच्या चौघांनी ऐनवेळी रचले होते का? चित्रपट रंगीत का नाही? (एक वाचक, दादर, मुंबई)

उत्तर : बहुतांश संवाद पटकथाकार अलन ओवेन यांचे आहेत. चौघांबरोबर काही दिवस राहून, त्यांच्या बोलण्याची लिव्हरपूली ढब कान देऊन ऐकून त्यांनी ते लिहिले, आणि म्हणूनच ते उत्स्फूर्त वाटतात. या पटकथेला ऑस्करचे नामांकनही मिळाले होते. १९६४ च्या या चित्रपटाचा खर्च बेताचा होता, म्हणून तो कृष्णधवल झाला. मात्र दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर यांनी चाहत्यांपासूनची पळापळ ज्या चपळाईने टिपली आहे, ती पाहताना रंगांची उणीव मला तरी कधीच जाणवली नाही.