पीआर सिंगापूरचे, खाते मात्र ठाण्याचे

सिंगापूरहून एका वाचकाने पाठवलेल्या पत्राचा गोषवारा असा: ‘वय ३८. जुलै २०१८ पासून एम्प्लॉयमेंट पासवर येथे नोकरी करतो. पगार महिना ११,००० सिंगापूर डॉलर. पत्नी डिपेन्डंट्स पासवर आहे. ठाण्यात ती एका सीएच्या कार्यालयात नोकरी करत होती, येथे घरीच असते. मुलगा ११ वर्षांचा. आता पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, घ्यावा असे मनात आहे. एक सल्लागार ६,५०० डॉलर मागतो आणि काम जवळजवळ नक्की होईल असे सांगतो. मात्र पीआर झाल्यावर पगारातून सीपीएफ, म्हणजे तेथला भविष्यनिर्वाह निधी, कापला जाईल आणि तो पैसा अडकून पडेल, अशी भीती वाटते. बाकी बाजू भक्कम आहे. दरमहा १,२०० डॉलर ठाण्याच्या माझ्या खात्यात पाठवतो. बाबा तेथल्या सहकारी बँकेत माझ्या नावे ठेवी करतात. आज त्या ६० लाखांच्या आहेत, कारण तेथे पाऊण टक्का व्याज जास्त मिळते. टीडीएस कापू नये म्हणून दिवाळीला आलो की १५जीच्या पाच-सहा कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ठेवतो, बाबा एप्रिलमध्ये बँकेत देतात. घोडबंदर रोडच्या फ्लॅटचे २६,००० रुपये भाडेही त्याच खात्यात येते. कर सिंगापूरमध्ये भरत असल्यामुळे भारतात रिटर्न भरत नाही. येथे ८०० डॉलर हप्त्याची गुंतवणूक-विमा पॉलिसी २८ महिने चालू आहे. सल्लागाराला पैसे द्यावेत का?’

पैसे देऊ नयेत. पीआरचा निर्णय तेथील इमिग्रेशन अँड चेकपॉइंट्स ऑथॉरिटी घेते. अर्ज ऑनलाइन आणि स्वतःच करायचा असतो, शुल्क माणशी शंभरेक डॉलर असते, निकालाला साधारण सहा महिने लागतात आणि नकार मिळाल्यास कारण सांगितले जात नाही. जो निर्णय सल्लागाराच्या हातात नाही, तो ‘जवळजवळ नक्की’ म्हणून विकण्याचा त्याला काय अधिकार? फार तर कागदपत्रे नीट लावून देण्याचे तो काही पैसे घेऊ शकतो, पण ते काम तुमची पत्नी दोन रविवारांत करील.

सीपीएफची भीतीही अनाठायी आहे. २०२६ पासून मासिक पगाराच्या पहिल्या ८,००० डॉलरवरच ही वर्गणी मोजली जाते. पीआरच्या पहिल्या वर्षी तुमचे ५ टक्के आणि कंपनीचे ४ टक्के, दुसऱ्या वर्षी १५ आणि ९, तिसऱ्या वर्षापासून २० आणि १७. म्हणजे तिसऱ्या वर्षी तुमच्या पगारातून १,६०० डॉलर जातील आणि कंपनी वरून १,३६० घालील. व्याज एका खात्यावर अडीच टक्के, दुसऱ्यावर चार टक्के, तेही सिंगापूर सरकारच्या हमीचे. पुढे पीआर सोडून कायमचे भारतात परतलात, तर सगळी शिल्लक काढून घेता येते. वर्षाला १६,००० डॉलरवर, म्हणजे सत्तरच्या भावाने अकरा लाखांहून अधिक रुपये, कंपनी तुमच्या नावावर टाकणार असेल, तर त्याला पैसा अडकणे म्हणू नये. मात्र पीआर झाल्यावर काही कंपन्या आपली वर्गणी एकूण पॅकेजमध्येच बसवू पाहतात, तेव्हा अर्जाआधी एचआरकडून ते लेखी विचारून घ्या.

खरा फायदा तुम्ही पत्रात धरलेलाच नाही. मे २०२१ पासून डिपेन्डंट्स पासवरच्या जोडीदाराला नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास लागतो. पीआर झाल्यावर ही अट राहत नाही, आणि हिशेबाचे काम जाणणारी बाई सिंगापूरमध्ये बरा पगार मिळवू शकते. दुसरे असे की आज तुमची नोकरी गेली, तर पास रद्द झाल्यापासून साधारण तीस दिवसांत चंबूगबाळे आवरावे लागेल. पीआर असता ती तलवार डोक्यावर राहत नाही. तेथे घर घ्यायचे झाले, तर परदेशी माणसाला किमतीच्या ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क लागते, पीआरला पहिल्या घरावर ५ टक्के. पंधरा लाख डॉलरच्या घरावर ९ लाख आणि ७५ हजार इतका तो फरक आहे.

एका गोष्टीचा निर्णय मात्र पैशांवर करू नका. तुमच्या अर्जातून पीआर झालेल्या मुलाला अठराव्या वर्षी दोन वर्षांची सक्तीची लष्करी सेवा करावी लागेल, आणि ती चुकवण्यासाठी पीआर सोडले तर त्याला पुढे त्या देशात शिकायला किंवा नोकरीला जाताना ते आडवे येते. मुलगा आज अकराचा आहे, म्हणजे सात वर्षे उरली. हे तिघांनी बसून बोलायचे आहे.

आता ‘बाकी बाजू भक्कम आहे’ या वाक्याकडे येतो, कारण पत्र वाचताना मी तेथेच अडकलो. सिंगापूरमध्ये कायमचे रहिवासी व्हावे की नाही, असे तुम्ही विचारता. पण ठाण्याच्या बँकेच्या लेखी तुम्ही अजून नौपाड्याच्या नाक्यावरूनही हललेला नाहीत. नोकरीसाठी देश सोडला त्या दिवसापासून परकीय चलन कायद्यानुसार, म्हणजे फेमानुसार, तुम्ही अनिवासी झालात, आणि साधे बचत खाते एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासीच्या भारतातल्या उत्पन्नासाठी असलेल्या खात्यात, बदलून घेणे ही तुमची जबाबदारी होती. ती गेली साडेसात वर्षे राहिली आहे. कायद्यातला दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटपर्यंत जाऊ शकतो. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. स्वतःहून बँकेत जाऊन खाते बदलून घेणाऱ्यांचे काम बहुतेक वेळा कागदपत्रांवरच निभावलेले मी पाहिले आहे. पण बँकेने किंवा आयकर खात्याने आधी विचारणे आणि तुम्ही आधी सांगणे यांत फार फरक पडतो.

त्या १५जीचे काय करावे, मला सुचत नाही. हा फॉर्म फक्त निवासी व्यक्तीसाठी असतो, आणि तोही एकूण उत्पन्नावर कर शून्य आणि व्याज मूळ करमुक्त मर्यादेच्या आत, अशा दोन्ही गोष्टी असतील तेव्हाच. तुमच्या ठेवींचे व्याज साडेचार लाखांच्या घरात जाते, म्हणजे तुम्ही ठाण्यातच राहत असता तरीही हा फॉर्म भरण्यास पात्र नव्हता. थोडक्यात, ‘मी भारतात राहतो’ आणि ‘माझे उत्पन्न करपात्र नाही’ ही दोन असत्य विधाने तुम्ही दर दिवाळीला, बहुधा फराळाची ताटे बाजूला सारून, आगाऊ सही करून ठेवता. बँकेतल्या कोणी ओळखीच्या माणसाने ही युक्ती सांगितली असणार. हे ओळखीचे लोक नोटीस आली की ओळखेनासे होतात.

गंमत अशी की या सगळ्या लपवाछपवीतून वाचवलेला कर अगदी किरकोळ आहे. व्याज साडेचार लाख, भाड्यातून ३० टक्के वजावट जाऊन उरलेले सव्वादोन लाख, एकूण पावणेसात लाख. निवासी माणसाला नव्या करपद्धतीत या रकमेवर रिबेटमुळे काहीच भरावे लागत नाही, पण अनिवासीला तो रिबेट मिळत नाही, म्हणून तुमचा कर वर्षाला पंधरा-वीस हजार. साठ लाखांच्या ठेवीवर एवढ्या करासाठी कोणी खोटी सही करतो का? आणि सिंगापूरमध्ये कर भरतो म्हणून भारतात लागत नाही, हा तर्क तर मुळातच चुकीचा आहे. सिंगापूर तुमच्या तेथल्या पगारावर कर घेते; ठाण्याच्या व्याजावर आणि भाड्यावर पहिला हक्क भारताचा आहे.

मागच्या वर्षांसाठी अद्ययावत विवरणपत्र, ज्याला आयटीआर-यू म्हणतात, भरता येते. संबंधित कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत त्याची मुदत असते आणि उशीर जितका अधिक तितका करावरचा जादा आकार वाढत जातो: पहिल्या वर्षी २५ टक्के, मग ५०, ६० आणि शेवटी ७० टक्के. सर्वांत जुन्या वर्षाची मुदत येत्या ३१ मार्चला संपते. कर, व्याज आणि हा आकार मिळून माझ्या अंदाजाने रक्कम लाख-सव्वा लाखाच्या आसपास जाईल. सीए गाठा आणि भरून टाका. भाडेकरूलाही सांगा की घरमालक अनिवासी असल्यामुळे भाड्यातून सुमारे ३१ टक्के टीडीएस कापून सरकारजमा करणे ही त्याची जबाबदारी आहे; तुमचा खरा कर कमी असल्यामुळे उरलेली रक्कम रिटर्न भरून परत मिळेल, किंवा आधीच कमी दराचे प्रमाणपत्र काढता येईल.

आणि ती पाऊण टक्का जास्त व्याजाची गोष्ट. साठ लाखांवर पाऊण टक्का म्हणजे वर्षाला ४५,००० रुपये. त्यासाठी तुम्ही एकाच बँकेत ६० लाख ठेवलेत, आणि ठेव विम्याचे संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासकट ५ लाखांचेच आहे. उरलेले ५५ लाख बँकेच्या प्रकृतीवर अवलंबून. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि मोठ्या ठेवीदारांना पैसे परत मिळण्याचे वेळापत्रक दहा वर्षांपर्यंत लांबले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या शाखांबाहेर पुन्हा तशाच रांगा लागल्या. तुमची बँक बुडेल असे मी म्हणत नाही. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला त्या रांगेत उभे करण्याची किंमत ४५,००० रुपये ठरवणे मला पटत नाही.

तुम्ही पहिल्या दिवशी एनआरई, म्हणजे परदेशातल्या कमाईसाठीचे अनिवासी खाते, उघडून त्यात पैसे पाठवले असते, तर त्या ठेवींचे व्याज भारतात करमुक्त राहिले असते, १५जीची गरजच पडली नसती, आणि मुद्दल व व्याज हवे तेव्हा विनासायास सिंगापूरला नेता आले असते. आता हे करा. एका मोठ्या व्यापारी बँकेत एनआरई आणि एनआरओ अशी दोन्ही खाती उघडा. बऱ्याच नागरी सहकारी बँकांना एनआरई खाते ठेवण्याचा परवानाच नसतो. पुढच्या महिन्यापासूनचे पैसे एनआरईमध्ये पाठवा. जुने खाते एनआरओ म्हणून बदलून घ्या, ठेवी मुदत संपेल तशा मोठ्या बँकेत हलवा. कर भरल्याचे कागद असले की एनआरओमधला पैसा वर्षाला दहा लाख अमेरिकी डॉलरच्या मर्यादेत बाहेर नेता येतो किंवा एनआरईत टाकता येतो. बाबांचे नाव ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने, म्हणजे तुमच्या पश्चातच त्यांना खाते चालवता येईल असे, राहू शकते. रोजच्या व्यवहारासाठी त्यांना मुखत्यारपत्र द्या. आज जसे ते तुमच्या खात्यावर कारभार करतात तसा तो यापुढे चालणार नाही, हे त्यांना तुम्हीच समजावून सांगा.

पॉलिसीबद्दल. महिन्याचा जमाखर्च तुम्ही कळवला आहे: घरभाडे ३,८००, घरखर्च ३,२००, ठाण्याला १,२००, पॉलिसी ८००, कर साधारण ७५०. उरतात १,२५०. तिसऱ्या वर्षी सीपीएफचे १,६०० जातील, त्यातले दोनशेच्या आसपास करबचतीतून परत येतील, म्हणजे हातात १,४०० कमी. दीडशेची तूट पडते. म्हणून पॉलिसी जायला हवी. २२,४०० भरून आज सरेंडर केल्यास ८,६०० मिळतील असे कंपनीने लिहिले आहे, यावरून एजंटाला काय मिळाले असेल याची कल्पना यावी. दहा वर्षे रेटली, तर वर्षाला अडीच टक्क्यांच्या खर्चापायी जे जाईल ते आजच्या तोट्याच्या जवळपास पोचते, तेव्हा हिशेब फारसा कोणत्याच बाजूला झुकत नाही. मग हातात पैसा राहणे महत्त्वाचे. मात्र ती बंद करण्याआधी तीन-चार कोटी रुपयांच्या तोडीचा साधा मुदत विमा घ्या. आज तुमच्यावर दोन जीव अवलंबून आहेत आणि संरक्षण कंपनीच्या समूह विम्यापुरतेच आहे, जे नोकरीबरोबर जाईल. एजंटाने दाखवलेला परताव्याचा तक्ता बाजूला ठेवा, त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘हमी नाही’ असे लिहिलेले असते.

फ्लॅटविषयी एक सूचना, कारण पीआर झालेल्या अनेकांना ती उशिरा कळते. दोघांनाही पीआर मिळून तीन वर्षे झाली की तेथील सरकारी एचडीबीचा जुना फ्लॅट विकत घेता येतो, पण त्यासाठी इतर निवासी मालमत्ता विकावी लागते, आणि त्यात देशाबाहेरचे घरही येते. घोडबंदर रोडचा फ्लॅट ‘आज ना उद्या दुप्पट होईल’ म्हणून धरून ठेवला असल्यास हे लक्षात असू द्या. विकताना तुम्ही अनिवासी असल्याने घेणाऱ्याला टीडीएस कापावा लागेल, आणि त्या वेळी मागच्या वर्षांची भाड्याची विवरणपत्रे आयकर खात्याकडे असणे तुमच्या फायद्याचे ठरेल.

पीआरचा अर्ज या महिन्यात करायला हरकत नाही. निकाल येईपर्यंत भारतातली कामे होतील. बँकेसाठी पासपोर्ट, एम्प्लॉयमेंट पास आणि सिंगापूरच्या पत्त्याचा पुरावा यांच्या साक्षांकित प्रती लागतील. त्याआधी आजच बाबांना फोन करा आणि कपाटात उरलेले सही केलेले १५जी एकूण एक फाडून टाकायला सांगा.